भांडं मोठं केलं की काय होतं

केमिकल इंजिनिअर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि हातात टेस्ट ट्यूब येते. तो केमिस्ट हो. आपला माणूस हेल्मेट घालून पाइपलाइनखाली वाकून पंपाचा आवाज ऐकत असतो, नाहीतर कंट्रोल रूममध्ये सकाळपासून उगाचच 2 अंश वर सरकलेल्या एका तापमानाकडे टक लावून बसलेला असतो.

आता हे बघा. बीकरमध्ये एक रिॲक्शन मस्त चालते, थोडी गरम होते, आपोआप गारही होते. तेच भांडं लांबी, रुंदी, उंचीला 10 पट करा. आतला माल झाला 1000 पट, पण उष्णता बाहेर पडते ती भांड्याच्या पृष्ठभागातून आणि तो वाढला फक्त 100 पट, मग आतली उष्णता आतच साठते, माल तापतो, तापला की रिॲक्शन अजून जोरात, जोरात झाली की अजून तापतो, आणि कोणी वेळेत आवरलं नाही तर रिॲक्टर फुटतो. याला रनअवे म्हणतात. रिॲक्शन तीच होती बरं का, बीकरमधलीच.

1909 साली फ्रिट्झ हाबर या जर्मन केमिस्टने टेबलावर मावेल अशा यंत्रात नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. पुढे ते मोठ्या प्रमाणावर करायचं काम बीएएसएफ या जर्मन कंपनीत इंजिनिअर कार्ल बॉशकडे आलं आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली, कारण त्यासाठी लागणाऱ्या प्रचंड दाबाला आणि तापमानाला हायड्रोजन पोलादात शिरायचा, त्यातल्या कार्बनशी संयोग पावून मिथेन व्हायचा, पोलाद ठिसूळ पडायचं आणि रिॲक्टर काही दिवसांत फुटायचा. बॉशने काय केलं, आतून कार्बन जवळपास नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर, बाहेरून दाब सोसणारं मजबूत पोलाद, आणि त्या पोलादाला चक्क बारीक भोकं पाडली! अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन भोकांतून निघून जातो, पोलाद वाचतं. मला तर त्या सगळ्या गोष्टीत ही भोकंच सगळ्यात भारी वाटतात. 1913 मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनियाचा कारखाना सुरू झाला. आणि 1931 चं केमिस्ट्रीचं नोबेल बॉशला विभागून मिळालं, हाय प्रेशर तंत्रासाठी.

विषय म्हणून केमिकल इंजिनिअरिंगची सुरुवात त्याआधीची. 1887 मध्ये मँचेस्टरला जॉर्ज डेव्हिसची लेक्चर्स, 1888 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत कोर्स.

शिकताना मात्र अनेकांचा पोपट होतो. केमिस्ट्री आवडते म्हणून ॲडमिशन घेतात आणि समोर येतं गणित, थर्मोडायनॅमिक्स, पाइपमधून द्रव कसा वाहतो, उष्णता कशी जाते. नंतर वाटाही बऱ्याच, औषधं, रंग, खतं, पेट्रोल, सेमीकंडक्टर, पाणी शुद्धीकरण. कोणी प्लांटवर शिफ्ट करतं, कोणी डिझाइन, कोणी दिवसभर सिम्युलेशनमध्ये.

पण पहिला धडा सगळ्यांचा एकच, मास बॅलन्स. जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर यायला हवं, नाहीतर आत साठलेलं असायला हवं. किराणा दुकानाचा हिशोबच म्हणा ना. मग एखाद्या रात्री तासाला 100 किलो आत जातंय, 97 बाहेर येतंय, टाकीची पातळी जागच्या जागी, मीटरही दोनदा तपासून झाले. आता टॉर्च घ्यायचा, गॅस डिटेक्टर सोबत ठेवायचा, आणि एकेका फ्लँजपाशी, म्हणजे पाइपच्या जोडापाशी, जाऊन ते 3 किलो शोधायचे.