पांढरं लुगडं, केडगावची माती : पंडिता रमाबाईंचा ख्रिस्त

(दृश्य : इंग्लंडमधल्या वाँटेज गावातला दगडी मठ. नंतर जुन्या पत्रांवरची शाई.)

1885 च्या सुमाराची ही पत्रं आहेत. लिहिणाऱ्या आहेत पंडिता रमाबाई. ज्यांना लिहिली, त्या सिस्टर जेराल्डिन वाँटेजच्या मठातल्या. रमाबाई त्यांना प्रेमानं ‘आजीबाई’ म्हणत. 29 सप्टेंबर 1883 रोजी याच वाँटेजमध्ये रमाबाईंचा आणि त्यांच्या छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला होता. आता चेल्टनहॅमला शिकत असताना त्यांचा आजीबाईंशी वाद जुंपला होता.

वाद कशावरून? बऱ्याचदा ताटातल्या अन्नावरून. बाप्तिस्मा झाला तरी रमाबाई शाकाहारीच राहिल्या होत्या. आजीबाईंना त्यात गर्व दिसला, जातीचा अभिमान दिसला. खरी ख्रिस्ती झाली असती, तर हे सोडलं असतं, असा त्यांचा सूर होता. रमाबाईंनी सडेतोड उत्तर लिहिलं. माझा गर्व तुम्ही ‘पाय’ आणि ‘पुडिंग’ या इंग्रजी पदार्थांत शोधा, लोणी-दुधात शोधा, बूट-मोज्यांत शोधा, हवं तर मी रोज जाळते त्या कोळशातही शोधा! पूर्वजांच्या चालीरीती जमेल तितक्या पाळणार आणि स्वतःला हिंदू म्हणवून घ्यायला मला आवडतं, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन आपल्या सवयी तशाच ठेवते, तेव्हा तिला कुणी गर्विष्ठ म्हणतं का, असा त्यांचा प्रश्न होता.

क्रूसाचंही तसंच. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरलेली असावीत, असं सुचवलं गेलं. माझ्या देशातल्या बहिणींना लॅटिन कुठून कळणार, तिथे संस्कृत का नको, असं रमाबाईंनी विचारलं.

या वादात आजीबाईंना खलनायिका करणं अन्यायाचं होईल. त्यांनी रमाबाईंना आसरा दिला, मनोरमेला जीव लावला, पत्रं जपून ठेवली. पण ज्या श्रद्धेनं त्या जगत होत्या, ती त्यांना फक्त आपल्या ओळखीच्या वेषातच ओळखता येत होती.

(दृश्य : रमाबाईंचं छायाचित्र. आखूड केस, पांढरं सुती लुगडं.)

रमाबाईंना ख्रिस्ताकडे ओढलं कशानं, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. वाँटेजच्या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक घर होतं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत आणि मठातल्या बाया त्यांची मायेनं सेवा करत. रमाबाई चक्रावून गेल्या. अशा स्त्रीवर दया करायची असते, हे त्यांनी आजवर कुठल्या शास्त्रात वाचलं नव्हतं आणि कुठे पाहिलंही नव्हतं. असं का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. त्या गोष्टीत विहिरीवर आलेली बाई येशूला विचारते, उपासना नेमकी कुठे करायची, या डोंगरावर की यरुशलेमात? येशू म्हणतो, इथेही नाही आणि तिथेही नाही; खरे उपासक आत्म्यानं आणि खरेपणानं उपासना करतील.

हे ऐकलेल्या बाईला पुडिंगवरून धर्म शिकवणं कठीणच होतं.

तरीही त्यांनी स्वतःला सूट दिली नाही. 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण खुद्द ख्रिस्त नव्हता. संस्कार झाला होता, ग्रंथ वाचले होते, देशोदेशी नाव झालं होतं. मन मात्र भुकेलंच होतं. एवढी विदुषी, आणि हे जगाला छापून सांगते! या माहितीपटासाठी जे जे वाचलं, त्यातलं हे पान मला सर्वांत धीट वाटतं.

(दृश्य : पुण्यातली जुनी वाडा-गल्ली.)

11 मार्च 1889 रोजी मुंबईत रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींची निवासी शाळा, सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. विधवा मुलींनी आपापले आचार पाळावेत, कुणावर धर्माची सक्ती नाही, असा नियम होता. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. मग गहजब झाला. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. पुण्याची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याच. पण याच सदनातली गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून हिंदू म्हणूनच जगली, हेही तितकंच खरं.

वाँटेजला वाटलं ही पुरेशी ख्रिस्ती नाही, पुण्याला वाटलं ही आपली उरली नाही. दोघांनीही वरवरच्या खुणा मोजल्या.

(दृश्य : पुणे-दौंड लोहमार्ग. केडगाव स्थानक.)

1896 च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना दुष्काळ कुणी सांगायची गरज नव्हती. 1870 च्या दशकातल्या उपासमारीत त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण गेली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती, नव्या माणसांना शहरात ठेवायला मनाई. मग केडगावच्या माळावर फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीत तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या.

या मुली म्हणजे हाडांचे सापळे होते. डोक्यात उवा, अंगावर फोड, आणि मिळेल ते लपवून ठेवायची सवय. त्यांना सांभाळायला पुढे केलं सदनात शिकलेल्या मुलींना. कालपर्यंत सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांतल्या या विधवा आता कुठल्या जातीच्या ते न विचारता कुणाचे केस विंचरत होत्या, कुणाचे फोड धूत होत्या. मला वाटतं, केडगावात धर्म बदलला तो या कामात. कोण कधी चर्चमध्ये बसलं, ही नंतरची गोष्ट.

केडगावच्या या आश्रमाचं नाव मुक्ती. 1900 च्या गुजरात दुष्काळानंतर मुक्तीत जवळपास दोन हजार माणसं झाली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभं राहिलं. अंध स्त्रिया बोटांनी ब्रेल वाचायला आणि टोपल्या विणायला शिकल्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. रमाबाई मात्र त्याच पांढऱ्या लुगड्यात.

(दृश्य : छापखान्यातले शिशाचे खिळे.)

शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्यात घालवली. संस्कृतवर एवढी हुकमत असलेल्या पंडितेनं इथे ती हुकमत मुद्दाम बाजूला ठेवली. नुकतंच वाचायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईला अडू नये, अशी भाषा त्यांना हवी होती. मजकुराचे खिळे मुक्तीतल्याच मुली जुळवत. 1921 मध्ये मनोरमा गेली. त्याही दुःखात रमाबाईंनी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल त्यानंतर प्रसिद्ध झालं.

केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. निराधार स्त्रिया आणि मुलं आजही तिथे राहतात.