शिसं किती, आणि शिसं कुठे

ही मस्जिद बंदरची हातगाडी बघा. दोनच चाकं, लांब फळी आणि वर गोण्यांची थप्पी. काका गोणी चढवताना ती किती जड आहे यापेक्षा ती नेमकी कुठे बसतेय याच्याकडे जास्त लक्ष देतात, कारण माल जरा मागे सरकला की पुढचा दांडा वर उचलतो आणि पुढे आला की सगळा भार मनगटांवर. चाकांवर बरोब्बर तोलला ना, की एवढा माल एकटा माणूस ओढतो.

आता पाण्यात येऊया. मुंबईतलाच एक स्विमिंग पूल, रविवारची सकाळ, मालवणला जायच्या आधीची स्कुबा डायव्हिंगची प्रॅक्टिस, कारण इथला समुद्र गढूळ, त्यात शिकणं कठीण. ही मुलगी बघा. तिला वाटतंय आपण आडवे पोहतोय, पण पाय खाली आणि डोकं वर, समुद्रघोड्यासारखी उभीच आहे जवळजवळ, त्यामुळे प्रत्येक किकला ती पुढे कमी आणि वर जास्त जातेय.

पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेला ८ किलो शिसं बांधलंय. सुरुवातीला भीतीने श्वास रोखून धरला, फुप्फुसं भरलेली, मग बुडणार कशी? "अजून दोन टाका" असं करत करत ८ झालं. खरं तिला लागतं ४. आता ह्या जास्तीच्या ४ किलोचं काय होतं ते समजून घ्या, सगळी गोम तिथेच आहे: ते उचलून धरायला बीसीडीत, म्हणजे अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटमध्ये, जवळपास ४ लिटर हवा जास्त भरावी लागते, ती हवा जमते वर खांद्याकडे आणि शिसं ओढतं खाली कमरेला, मग माणूस फिरणारच ना! शिवाय हीच ४ लिटर हवा १० मीटरवरून ५ मीटरवर आलात की सव्वापाच लिटरच्या वर फुगते, तुम्ही वर खेचले जाता, घाईने हवा सोडता, मग परत खाली. पूर्ण डाइव्ह ह्यातच जाते.

म्हणून आधी वजन तपासायचं. पाण्यात उभं राहायचं, बीसीडी पूर्ण रिकामी, नेहमीसारखा श्वास घेऊन धरायचा आणि हातपाय अजिबात हलवायचे नाहीत. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. हे सिलिंडरमध्ये ५० बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना करा. नेहमीच्या ११ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमधली २०० ते ५० बारची हवा म्हणजे जवळपास २ किलो, डाइव्हच्या शेवटी तुम्ही तेवढे हलके झालेले असता, आणि वर येताना सुरक्षेसाठी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं असतं नेमकं तेव्हाच.

आता ट्रिम, म्हणजे पाण्यात शरीर आडवं तोलून ठेवणं. तिचे ४ किलो कमी केले, उरलेल्यातले २ कमरेलाच ठेवले कारण अडचणीत पटकन सोडून देता येईल असं वजन अंगावर हवंच, बाकीचे २ सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावर सरकवले. सिलिंडरही दोन बोटं वर घेतला, डोक्याला लागणार नाही एवढाच. गुडघे वाकवून फिन्स (पायातले वल्ह्यासारखे पंख) मागे वर, हात पुढे, आणि आता काहीच करायचं नाही, दहा सेकंद नुसतं थांबायचं. बघा... पाय खाली जात नाहीयेत.

मला हे बघायला फार आवडतं, खरंच. मालवणच्या समुद्रात कोरल आहे, १९८७ पासून ते सागरी अभयारण्य आहे, आणि खाली लोंबणारे फिन्स तिथला गाळ उडवतात, कोरल मोडतात. ह्या मुलीचे आता मोडणार नाहीत.

एक मात्र आहे, पूलचा आकडा तसाच्या तसा समुद्रात चालत नाही. खारं पाणी जड, माणूस आणि सामान मिळून १०० किलो असेल तर अंदाजे अडीच किलो शिसं वाढतं, वेटसूट (अंगावरचा रबरी सूट) जाड घेतला तर अजून. म्हणून मालवणला उतरल्यावर किनाऱ्याजवळ हीच टेस्ट परत, आणि संध्याकाळी वहीत लिहायचं: पाणी कुठलं, सूट कुठला, सिलिंडर कुठला, कमरेला किती, वर किती.