रेघ दारापर्यंत आली

नाईल नदी समुद्राला मिळायच्या आधी तिला फाटे फुटतात ना, त्या डेल्टाच्या पूर्वेला बायबलातलं गोशेन. चराईला एक नंबर जमीन, म्हणून तर दुष्काळात इस्राएली लोकांचा पूर्वज याकोब, त्याचं अख्खं खटलं गुराढोरांसकट इथे आलं आणि पुढे त्यांचेच वंशज, म्हणजे इस्राएली लोक, फारोसाठी (मिसरचा, म्हणजे इजिप्तचा राजा) गुलाम म्हणून विटा पाडायला लागले.

फारोने या लोकांना सोडावं म्हणून देवाने मिसरावर आणलेली दहा संकटं, म्हणजे दहा पीडा, संडेस्कूलला गेलेल्या प्रत्येकाला पाठ असतात, पण एक पॉइंट आपण वाचून सरळ पुढे जातो. नदीचं रक्त झालं, बेडूक आले, उवा आल्या, या पहिल्या तीन पीडांत गोशेन वेगळं ठेवलं असं कुठेच लिहिलेलं नाहीये. चौथ्या वेळी, गोमाशा आल्या तेव्हा, देव पहिल्यांदा फारोला सांगतो की आता माझ्या लोकांत आणि तुझ्या लोकांत मी फरक करणार. पाचव्या पीडेत मिसरी लोकांची गुरं पटापट मेली, इस्राएलचं एकही नाही, फारोने तर माणूस पाठवून चेक केलं, रिपोर्ट खरा निघाला, तरी गडी हलला नाही!

इथवर वाटतं मामला सोपा आहे, मॅपवर बॉर्डर आहे, अलीकडचे वाचले, पलीकडचे गेले.

मग सातवी पीडा, गारा. आणि गंमत म्हणजे देव आदल्या दिवशीच सांगून ठेवतो की रानात जे काही आहे ते आत घ्या. फारोच्या दरबारातल्याच काही जणांनी हे मनावर घेतलं, गडीमाणसं आणि गुरं धावतपळत घरात आणली, बाकीच्यांनी म्हटलं असेल काहीतरी बडबड, आणि सगळं रानातच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी निसवलेला जव आडवा, फुलावर आलेलं जवस आडवं, गहू मागास होता म्हणून तेवढा वाचला. म्हणजे बघा, दोघंही मिसरी, दोघंही फारोचेच नोकर, पण एकाचा गोठा भरलेला आणि दुसऱ्याची गुरं रानात मरून पडलेली. कुणाच्या पोटी जन्मलात एवढ्यावरच हे ठरत नव्हतं, माझं तरी असंच मत आहे.

दहाव्या पीडेला, म्हणजे घरोघरचा पहिला मुलगा मरणार होता तेव्हा, तर ती रेघ प्रत्येक घराच्या दारापर्यंत येते. महिन्याच्या 10 तारखेला एक वर्षाचं, काही खोड नसलेलं कोकरू घरात आणायचं, 14 तारखेपर्यंत सांभाळायचं (चार दिवसांत पोरांनी त्याला नाव नसेल ठेवलं?) आणि संध्याकाळी कापायचं. एजोब नावाच्या झुडपाची जुडी त्या रक्तात बुडवून दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायची, मग सकाळपर्यंत कुणीही उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. कंबर बांधलेली, पायात जोडे, हातात काठी, जेवण घाईत. इस्राएली घरालाही यातून सूट नव्हती, रक्त दिसलं तरच देव ते घर ओलांडून पुढे जाणार. मराठी बायबलात या रात्रीच्या आठवणीच्या सणाला वल्हांडण म्हणतात, तो शब्द या ओलांडण्यावरूनच आलाय.

मध्यरात्री मिसरात आकांत उठला, फारोच्या राजवाड्यापासून कैद्यांच्या कोठडीपर्यंत.

लोक निघाले तेव्हा कणीक फुगायलाही वेळ नव्हता, काथवटी कपड्यात गुंडाळून खांद्यावर टाकल्या आणि चालू पडले. त्यांच्याबरोबर परक्या लोकांचा मोठा घोळकाही निघाला, असं निर्गमाच्या (बायबलातलं हे सगळं सांगणारं पुस्तक) 12व्या अध्यायात एका ओळीत येऊन जातं. गारांच्या आदल्या दिवशी ज्यांनी गुरं आत घेतली होती, त्यातले काही जण या घोळक्यात असणारच, असं मला राहून राहून वाटतं.