तळघरात कोण बोलतंय?

मंडळी, फराळानंतर लगेच व्याख्यान म्हणजे निम्मे झोपणार हे मला माहितीये, आणि विषयही असा की ऐकून कोणी नाचायला लागणार नाही. पण शिकागोत नोव्हेंबर आला की मला दोन-चार फोन हमखास येतात, "काका, फर्नेस काहीतरी आवाज करतोय हो." फर्नेस म्हणजे तळघरातलं, गॅस जाळून घरभर गरम हवा ढकलणारं यंत्र. आवाज कसा? "असा... विचित्र." बरं, येतो कधी? ते कोणालाच सांगता येत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. आवाज किती मोठा यापेक्षा तो कधी येतो याला जास्त किंमत आहे.

म्हणून एकदा काय करा, फर्नेस नीट चालू असताना चहाचा कप घेऊन त्याच्याशेजारी बसा. कोणालातरी वर थर्मोस्टॅट वाढवायला सांगा. आधी एक छोटा पंखा घूं करतो, तो जळालेला धूर बाहेर ओढणारा. मग एक क्लिक. मग गॅस पेटवणारा इग्नायटर लालभडक तापतो, त्यात काही सेकंद जातात, तेव्हा नवा आवाज काही येत नाही. परत क्लिक, गॅसचा व्हॉल्व्ह उघडला, आणि फुस्स करून निळी ज्योत एका बर्नरवरून दुसऱ्यावर सरकत जाते. मोठा ब्लोअर, म्हणजे घरात हवा ढकलणारा पंखा, यानंतर अर्ध्या-एक मिनिटाने लागतो, कारण आधी आतला लोखंडी भाग तापायला हवा, नाहीतर तुमच्या अंगावर गार वारा. हा क्रम एकदा कानात बसला ना, की बिघाड कुठल्या पायरीवर आहे ते तुम्हीच सांगाल.

आता भारतातून आईबाबा येतात, आपण त्यांना बेसमेंटमधली गेस्ट रूम देतो, भिंतीपलीकडे फर्नेस, आणि रात्री दोनला ठण्ण असा आवाज आला की ते दचकून उठतात, घरात कोणी शिरलं म्हणून. ते डक्टचं, म्हणजे खोल्यांत हवा नेणाऱ्या नळांचं, पत्र्याचं अंग असतं, तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. ब्लोअर लागल्यावर किंवा बंद झाल्यावर येणारं हे ठणठण बहुतेक वेळा निरुपद्रवी, सोडून द्या.

पण ज्योत पेटायच्या क्षणी, ब्लोअर लागायच्या आधी, धाडकन बार झाला तर ते सोडून द्यायचं नाही. बर्नरवर गंज किंवा धूळ बसलेली असते, गॅस सुटतो पण लगेच पेटत नाही, साठतो, आणि मग सगळा एकदम पेटतो. मी स्वतः एक अख्खा हिवाळा "जुनं मशीन आहे, खोकणारच" म्हणून काढला, हा माझा शहाणपणा! असे धक्के बसत राहिले तर हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्योतीने तापणाऱ्या त्या आतल्या लोखंडी भागाला, तडा जाऊ शकतो, आणि तडा म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड घरच्या हवेत यायला वाट. त्याला ना वास ना रंग ना आवाज. डोकं दुखतं, मळमळतं, आपण म्हणतो फ्लू असेल. त्याचा अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ, आणि मागची तारीख बघा, ते डबे काही वर्षांनी बाद होतात. अलार्म वाजला तर सगळ्यांनी आधी बाहेर, फोन बाहेरूनच. कुजक्या अंड्यासारखा वास आला, म्हणजे गॅस गळतोय, तरी हेच, आणि लाइटच्या बटणाला हातसुद्धा लावायचा नाही.

शिट्टीसारखा आवाज? हवेचा फिल्टर. चाळीस डॉलरचा दाट फिल्टर घालून कोणी ॲलर्जीवर उपाय करतं आणि फर्नेसला दमा होतो. एक इंचाचा असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी बदला, बाणाची दिशा फर्नेसकडे. गुळगुळ पाणी वाजत असेल आणि तुमच्या फर्नेसला पांढरे प्लॅस्टिकचे पाइप असतील तर ते धुरातल्या वाफेचं पाणी, निचऱ्याची नळी तुंबलीये. ते पाइप भिंतीतून बाहेर निघतात, बर्फ पडला की फावड्याने तोंड मोकळं करा, नाहीतर फर्नेस लागायचंच नाव घेत नाही. पेटतो, दोन सेकंदात विझतो, परत क्लिक, परत तेच, असं असेल तर ज्योत लागली का ते बघणारा फ्लेम सेन्सर बहुतेक मळलाय, टेक्निशियनचं दहा मिनिटांचं काम. आणि पत्र्यावर लोखंड घासल्यासारखं वाजलं तर स्विच बंद करा, मगच फोन करा.

मागून एका वहिनींचा प्रश्न आलाय, किंचाळल्यासारखा आवाज त्यांना ऑगस्टमध्येही येतो, तेव्हा तर फर्नेस बंद. अहो, एसीची हवा ढकलतो तो हाच ब्लोअर! दोन्ही ऋतूंत येणारा आवाज म्हणजे गॅसकडे बघायची गरजच नाही, मोटरचं बेअरिंग गेलंय, किंवा फर्नेस फारच जुना असेल तर पट्टा. टेक्निशियनला फोनवर एवढं एक वाक्य सांगा, "उन्हाळ्यातही येतो."