बाण एक, बाइट तीन
(ठाण्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)

टर्मिनलमधल्या (नुसत्या अक्षरांवर चालणाऱ्या पडद्यावरच्या) प्रोग्रॅमला तुमचा कीबोर्ड दिसत नाही, फक्त बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे, दिसतात. 'वरचा बाण' दाबला की व्हीटी५२ हा जुना टर्मिनल २७, ६५ पाठवायचा. १९७८ चा व्हीटी१०० पाठवतो २७, ९१, ६५. त्यालाच प्रोग्रॅमने 'ॲप्लिकेशन मोड'मध्ये टाकलं, की मधल्या ९१ च्या जागी ७९ येतो. एफ१ तर आणखी वेगळी: एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये २७, ७९, ८०; लिनक्स कन्सोलवर २७, ९१, ९१, ६५.

म्हणून हे आकडे कोडमध्ये कोंबू नका, टर्मइन्फोला, म्हणजे कोणता टर्मिनल काय पाठवतो याच्या नोंदींच्या संग्रहाला, विचारा. इथेच बरेच जण फसतात. एक्सटर्मच्या नोंदीतले बाण ॲप्लिकेशन मोडचे असतात. 'एसएमकेएक्स' (ॲप्लिकेशन मोड चालू करणारा संकेत) न पाठवता त्या नोंदीशी ताडून पाहिलं, तर प्रोग्रॅम ७९ ची वाट बघतो आणि टर्मिनल ९१ पाठवत राहतं. एनकर्सेस या टर्मिनल हाताळणाऱ्या लायब्ररीत 'कीपॅड' चालू केलं की हे आपोआप होतं. बाहेर पडताना तो मोड बंद करणारं 'आरएमकेएक्स' पाठवायचं. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर ते राहून जातं आणि पुढच्या प्रोग्रॅमचे बाण बिघडतात. मग 'रिसेट' ही आज्ञा चालवा.

खरी डोकेदुखी एस्केपची. ती कळ म्हणजे नुसता २७, आणि बाणाची सुरुवातही २७ नेच. ठाण्याहून सुटलेल्या वाशी आणि पनवेल लोकल तुर्भ्यापर्यंत एकाच मार्गाने जातात, तसंच हे. फाटा येईपर्यंत रुळावरून काही कळत नाही. फरक इतकाच, की इथे फाटा कधी येणारच नाही असंही होतं. त्यामुळे थांबायचं किती, हे ठरवावं लागतं. एनकर्सेस मुळात १००० मिलिसेकंद थांबतो, म्हणून एस्केप दाबल्यावर सगळं अडल्यासारखं वाटतं. स्वतःच्या मशीनवर २५ ते ५० पुरतात. पण संथ एसएसएचवर (दूरच्या मशीनशी जोडणीवर) बाइट तुटक आले, की हीच घाई नडते: व्हीआय या एडिटरमध्ये बाण दाबावा, तर एस्केप वेगळा धरला जातो, उरलेला 'ओ' (७९) चालू ओळीच्या वर नवी ओळ उघडतो आणि तिथे 'ए' (६५) उमटतो.

कंट्रोल-आय आणि टॅब दोन्ही ९. जुन्या पद्धतीत त्यांना वेगळं करायला उपाय नाही, तो नाद सोडा.

बॅकस्पेस कुठे ८ पाठवते, कुठे १२७. पुसण्याऐवजी ^? उमटलं तर 'एसटीटीवाय इरेज' लिहून जागा सोडा, कंट्रोल-व्ही दाबून तीच बॅकस्पेस दाबा आणि एंटर करा.

आता देवनागरी. 'ठाणे' म्हणजे चार कोडपॉइंट (युनिकोडमधले क्रमांक: ठ, काना, ण, मात्रा), बारा बाइट. एकटा 'ठ'च २२४, १६४, १६०. कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) 'आययूटीएफ८', म्हणजे अनेक बाइटांचं अक्षर ओळखण्याची सोय, बंद असेल, तर एका बॅकस्पेसला एकच बाइट पुसला जातो आणि मागे अर्धवट अक्षर उरतं. तो चालू केला तरी कर्नल प्रत्येक कोडपॉइंटला पडद्यावरचं एक घर (एका अक्षराची जागा) मोजतो. 'णे'वरची मात्रा स्वतंत्र घर घेत नाही, पण ती पुसताना पडद्यावरचं आणखी एक घर जातं. बफरमध्ये (कर्नलने साठवलेल्या ओळीत) 'ठाण' शाबूत असतो, पडद्यावर मात्र 'ण'ही दिसत नाही.