नळीचा सूर, चर्चचा घुमारा

नमस्कार श्रोतेहो. संगीत नाटकातला पायऑर्गन तुमच्या कानावरचा आहे. त्याचा सूर पितळी पत्त्यांतून निघतो. चर्चच्या पाइप ऑर्गनला मात्र सुरासुराची वेगळी नळी असते. उत्तर जर्मनीतल्या रिसुम गावचा असा ऑर्गन पंधराव्या शतकातला; स्टॉप, म्हणजे एकेका आवाजाच्या नळ्यांचे संच, अवघे 7, आणि आजही वाजतो. असं लहानसं जुनं वाद्य संगणकात उतरवायचं, म्हणजे सॅम्पलिंग करायचं, तर सगळा जीव घुमाऱ्यात असतो.

प्रत्येक स्टॉपची एकेक पट्टी स्वतंत्र ध्वनिमुद्रित करायची. 40 पट्ट्या नि 7 स्टॉप धरले तर 280 सूर. तेही तीन-तीनदा: एकदा दहा सेकंद दाबून, एकदा अर्धा सेकंद, एकदा नुसता स्पर्श. चर्च सुराने भरायच्या आत पट्टी सुटली तर घुमारा तोकडा राहतो. लांब सुराचा घुमारा आखूड सुराला चिकटवलात की द्रुत लयीत नुसता गलका होतो. म्हणून मुद्रणं 840. पट्टी सोडल्यावर सूर पुरता विरेपर्यंत कुणी पाऊलही हलवायचं नाही. रस्ता झोपल्यावर, रात्रीच बसावं.

थर्मामीटर जवळ हवाच. हवा एक अंशाने तापली की साध्या नळीचा सूर सुमारे 3 सेंट चढतो; सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. जिभेच्या, म्हणजे आत पत्ती कंपणाऱ्या नळ्या जवळजवळ जागच्या जागी राहतात. तेव्हा एक स्टॉप एकाच बैठकीत संपवा.

दुसरा शत्रू भात्याच्या पंख्याची घरघर. एका मुद्रणात ती जाणवत नाही. पण दहा बोटं आणि सात स्टॉप म्हणजे सत्तर मुद्रणं एकदम वाजणार, आणि घरघर सुमारे 18 डेसिबलनी वाढणार. म्हणून नुसता पंखा मिनिटभर मुद्रित करून ठेवायचा आणि त्या नमुन्यावरून घरघर कमी करायची. हात मात्र हलका ठेवा. सूर उमटताना नळीच्या ओठावर जो बारीक ‘फ्त्’ होतो, तो आधी पुसला जातो, आणि मग उरतो निर्जीव भोंगा.

पट्टी दाबलेली असेतो सूर चालू राहावा म्हणून लांब सुराचा मधला भाग पुन्हापुन्हा फिरता ठेवतात; तेव्हा सांधा लहरीशी लहर जुळेल तिथेच घ्या. फेरा सेकंदापेक्षा आखूड झाला तर सूर गरगरतो.

वाद्याची जुनी सूरजुळणी आजच्या पेटीसारखी करू नका. ती आहे तशीच राहू द्या. आणि सगळे स्टॉप बंद करून पट्ट्यांची लाकडी टकटकही मुद्रित करा. ग्रँडऑर्ग (GrandOrgue) सारख्या मोफत संगणक-प्रणालीत ती वेगळी जोडता येते.