खाचेत बसणारं टोक

(दृश्य : निपाणी. दुकानातलं टेबल, त्यावर पाठ करून ठेवलेला व्हॉल्व्हचा रेडिओ.)

यावर पूर्वी सांगली लागायचं, धारवाड लागायचं. आता नुसती घरघर. पण दुरुस्ती पुढची गोष्ट, आधी मागचं पुठ्ठ्याचं झाकण निघायला हवं. चार पितळी स्क्रू. त्यातल्या दोघांच्या खाचा कुणीतरी आधीच खाऊन ठेवल्यात.

काका शिकाऊ पोराकडं बघतात. "स्क्रू फिरवायलायस का कोरायलायस?"

दोष पोराचा नाही, हातातल्या हत्याराचा. स्वस्तातल्या चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. ते खाचेच्या वरच्या काठांनाच टेकतं. जोर लावला की वर सरकतं आणि जाताना काठ सोलून नेतं. टोकाच्या दोन्ही बाजू शेवटाला समांतर हव्यात, रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी आणि जाडी खाच भरेल इतकी. तसा मिळाला नाही, तर काका जाड टोकाचा घेतात आणि ग्राइंडरवर घासतात. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. टोकावर निळी झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. मग ते पहिल्याच घट्ट स्क्रूला पिळवटतं.

जपानी टेपरेकॉर्डरची तऱ्हा वेगळी. फुलीच्या स्क्रूवर बारीक ठिपका दिसला, तर तो बहुधा जेआयएस, म्हणजे जपानी मानक मापाचा. नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पुरता खोल बसत नाही, निसटतो. (फिलिप्स रेडिओचा आणि या स्क्रूचा काही संबंध नाही बरं का. स्क्रू अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाचा, पेटंट १९३६ सालचं.)

कटर घेताना दुकानातच मिटून उजेडाकडं धरा. पात्यांमधून उजेड आला तर परत द्या. चांगला कटर तांब्याचा केसासारखा बारीक तंतूही टोकानं तोडतो. त्यानं पोलादी तार मात्र तोडायची नाही. एकदा तोडली की पात्याला दात पडलाच.

(दृश्य : जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकावरचा जळका खड्डा.)

प्लग काढला तरी व्हॉल्व्हच्या रेडिओतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये (वीज साठवणारा भाग) दोन-अडीचशे व्होल्ट उरलेले असू शकतात. ते उतरवायला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून ठिणगी पाडायची खोड काकांनाही होती. हा खड्डा त्याचाच. आता ते क्लिपा लावलेला रेझिस्टर वापरतात आणि मीटरवर खात्री करून घेतात.

शेवटी ट्यूनिंग. कॉइलमध्ये लोखंडी टोक घातलं की सूर जुळल्यासारखा वाटतो, बाहेर काढलं की पुन्हा बिघडतो. शिवाय आतला फेराइटचा गाभा ठिसूळ, तडकला तर तसा दुसरा कुठून आणायचा? इथं प्लॅस्टिकचंच हत्यार लागतं. काकांनी ते स्वेटर विणायच्या सुईचं टोक घासून केलंय. या पेटीतलं सगळ्यात स्वस्त हत्यार हेच.

काटा हळूच सरकतो. खरखर, मग आवाज. कन्नड बातम्या.

रेडिओचे मालक म्हणतात, "राहू दे तिथंच. स्वच्छ ऐकू यायलंय."